मॅरेथॉन ते अथेन्स : मूळ मार्गावर पहिल्यांदा धावताना

आपल्याकडे पाच किलोमीटरच्या शर्यतीलाही ‘मॅरेथॉन’ म्हणतात आणि रात्री उशिरापर्यंत चाललेल्या बैठकीलाही तेच विशेषण लागते. त्यामुळे मॅरेथॉन हे मुळात एका गावाचे नाव आहे, ते गाव अथेन्सच्या ईशान्येला समुद्राजवळच्या मैदानात आजही नांदते आहे आणि तेथून अथेन्सपर्यंत दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हजारो माणसे धावत येतात, हे अनेकांना ठाऊक नसते. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बडीशेप. ती त्या मैदानात उगवत असे म्हणून गावाला हे नाव पडले, असे मानले जाते. या मार्गावर पहिल्यांदा धावू इच्छिणाऱ्या, म्हणजे एखाददुसरी अर्धमॅरेथॉन किंवा फार तर एक पूर्ण मॅरेथॉन गाठीशी असलेल्या वाचकासाठी हा लेख लिहिला आहे. एक गोष्ट आरंभीच सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे : या मार्गावर नवख्या धावपटूचे जे बिघडते, ते बहुधा पहिल्या दहा किलोमीटरांत बिघडते आणि तिसाव्या किलोमीटरला कळते.

आधी मार्ग समजून घ्यावा

इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानात अथेन्स आणि प्लाटेआ यांच्या सैन्याने पर्शियन सैन्याचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावला आणि ती सांगून कोसळला, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. पण लढाईनंतर सुमारे पन्नास वर्षांनी लिहिणाऱ्या हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराकडे ती नाही. त्याने सांगितलेला धावक मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर गेला होता. मॅरेथॉन ते अथेन्स ही धाव प्लुटार्क आणि लुशियन या बऱ्याच नंतरच्या लेखकांकडे सापडते. शर्यतीचा इतिहास मात्र पक्का आहे. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये या मार्गावर सुमारे ४० किलोमीटरची शर्यत झाली आणि मारूसी गावच्या स्पिरिदोन लुईसने ती २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत जिंकली. आजचे ४२.१९५ किलोमीटरचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आले आणि १९२१ मध्ये ते अधिकृत ठरले.

त्या पहिल्या शर्यतीत नवख्या धावपटूसाठी मोठा धडा आहे. सुरुवातीला फ्रान्सचा आल्बाँ लेर्म्युझियो इतरांना बराच मागे टाकून पुढे गेला होता. तो १५०० मीटरचा पदकविजेता. वेग भरपूर, पण एवढ्या लांब पल्ल्याचा अनुभव नव्हता. बत्तीस किलोमीटरच्या आसपास त्याने शर्यत सोडली. मग ८०० आणि १५०० मीटर जिंकलेला ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक आघाडीवर आला आणि शेवटचे काही किलोमीटर उरले असताना तोही कोसळला. लुईस तोवर मागून, आपल्या चालीने, येत होता. दोन अव्वल धावपटू जेथे संपले, तो भाग नकाशावर पाहिला तर कारण लगेच उमगते.

शर्यत मॅरेथॉन गावातून सुरू होते. पहिले चार-पाच किलोमीटर जवळजवळ सपाट, किंचित उताराचे आहेत. त्यानंतर मार्ग मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळतो आणि लढाईत पडलेल्या १९२ अथेन्सवासीयांच्या समाधीच्या टेकाडाभोवती फेरी घालून पुन्हा मुख्य रस्त्याला मिळतो. या भागात गावकरी धावपटूंच्या हाती ऑलिव्हच्या डहाळ्या देतात. ती जरूर घ्यावी. साधारण दहाव्या किलोमीटरपर्यंत रस्ता सौम्य राहतो. मग नेआ माक्री येते, पुढे माटीचा परिसर येतो, जेथे जुलै २०१८ च्या वणव्यात शंभराहून अधिक माणसे गेली, आणि त्यानंतर राफीना. येथून चढ आपले खरे रूप दाखवू लागतो. पिकेर्मी, पालिनी, येराकास अशी उपनगरे ओलांडत रस्ता स्ताव्रोसच्या चौकापर्यंत चढत राहतो. समुद्रसपाटीच्या जवळून निघालेला धावपटू एकतिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला सुमारे सव्वादोनशे ते अडीचशे मीटर उंचीवर पोहोचलेला असतो. मधले लहान उतार दिलासा देतात, पण त्यांत गमावलेली उंची पुढच्या चढात परत मिळवावी लागते.

हा चढ आपल्या घाटासारखा नाही. समोर वळण दिसते आहे, तेथवर दम धरला की संपले, असे येथे होत नाही. रुंद हमरस्ता, दोन्ही बाजूंना दुकाने, पेट्रोलपंप, मोटारींची विक्रीदालने, आणि नजरेला जवळजवळ सपाट वाटणारी पण पोटऱ्यांना सतत जाणवणारी चढण, असे वीस किलोमीटर काढायचे असतात. निसर्गसौंदर्याची अपेक्षा ठेवून आलेल्यांची येथे निराशा होते. ती घरीच उरकून यावे, हे बरे. स्ताव्रोसनंतर मेसोयिऑन मार्गाने शहराकडे उतार लागतो, तो अधूनमधून लहान चढ मध्ये घेत जवळजवळ शेवटपर्यंत चालतो. काचेच्या थरांतून घडवलेले धावपटूचे भव्य शिल्प दिसले की फारसे अंतर राहिलेले नसते. मग वासिलिसिस सोफियास मार्ग, डावीकडे इरोदू आतिकू रस्त्यावरचा उतार आणि समोर संगमरवरी पानाथिनाइको स्टेडियम.

२००४ च्या ऑलिंपिकची मॅरेथॉनही याच मार्गावर झाली. पुरुषांत इटलीच्या स्तेफानो बाल्दिनीने २ तास १० मिनिटे ५५ सेकंदांत आणि महिलांत जपानच्या मिझुकी नोगुचीने २ तास २६ मिनिटे २० सेकंदांत ती जिंकली. तेव्हाची विश्वविक्रमवीर पॉला रॅडक्लिफ हिला मात्र छत्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास थांबावे लागले. हे सांगण्यामागे घाबरवण्याचा हेतू नाही. मार्गाचा मान राखावा, एवढेच.

आपण तयार आहोत का, हे ठरवावे

या शर्यतीला पात्रतेची वेळ लागत नाही आणि पूर्ण करण्यासाठी आठ तास मिळतात, म्हणजे किलोमीटरला अकरा मिनिटांहून थोडे अधिक. धावत-चालत जाणाऱ्यालाही ते शक्य आहे. मधल्या टप्प्यांनाही वेळेच्या मर्यादा असतात. त्या नोंदणीच्या वेळीच पाहून ठेवाव्यात. तरीही आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन येथे धावावी का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘शक्यतो नको’ असे आहे. आधी जानेवारीत मुंबईची किंवा आपल्या जवळची एखादी पूर्ण मॅरेथॉन करावी, तिसाव्या किलोमीटरनंतर आपल्या शरीराचे काय होते ते जाणून घ्यावे आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अथेन्स गाठावे. मधले दहा महिने तयारीला पुरेसे आहेत.

सलग दहा किलोमीटर सहज धावता येत असेल आणि मागचे दोन-तीन महिने आठवड्याला पंचवीस किलोमीटर होत असतील, तर पुढचा आराखडा वापरता येईल. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी डॉक्टरांकडून तपासणी करून घेतल्याशिवाय सुरुवात करू नये.

वीस आठवड्यांची तयारी

शर्यत साधारणपणे नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी असते. तेथून वीस आठवडे मागे मोजले की जूनचा शेवट येतो. बहुतेक वर्षी पालख्या पंढरीच्या वाटेवर असतात, तो हा सुमार. म्हणजे महाराष्ट्रातल्या धावपटूची जवळजवळ सगळी तयारी पावसाळ्यात होणार. हे एका अर्थी भाग्याचे आहे, कारण उन्हाचा त्रास कमी होतो. मात्र ओल्या मोज्यांनी फोड येतात आणि ओले कपडे मांड्या, काखा व छाती घासतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या जागी पेट्रोलियम जेली लावावी, बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत आणि भिजलेल्या बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत. सकाळपर्यंत बूट बरेचसे सुकतात.

आठवड्यातून चार दिवस धावावे. दोन दिवस सहा ते दहा किलोमीटर अगदी सावकाश, म्हणजे शेजारच्या सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल अशा चालीने. एक दिवस चढाचा. आणि रविवारी लांब धाव. लांब धाव चौदा किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला दोन किलोमीटरने वाढवावी, दर चौथ्या आठवड्याला ती एक-तृतीयांशाने कमी करून शरीराला सावरू द्यावे आणि सोळाव्या-सतराव्या आठवड्यापर्यंत तीस-बत्तीस किलोमीटरवर पोहोचावे. त्याहून लांब धावण्याची गरज नाही. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरवत न्यावे. या दिवसांत पाय शिवशिवतात आणि तयारी वाया चालल्यासारखे वाटते, पण स्नायूंची दुरुस्ती याच काळात होत असते.

चढाच्या दिवसाबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. सहाव्या आठवड्यापासून सुरुवातीला तीन-चार मिनिटांचा मध्यम चढ पाच-सहा वेळा करावा. मुंबईकरांना पेडर रोड किंवा मलबार हिल, पणजीकरांना आल्तिनोची टेकडी, पुणेकरांना बोपदेव घाटाचा खालचा टप्पा उपयोगी पडेल. अथेन्सचा चढ मात्र तीव्र नाही, लांब आहे. म्हणून दहाव्या आठवड्यानंतर लहान फेऱ्यांऐवजी तासभर किंवा अधिक वेळ सलग सौम्य चढण मिळेल असा रस्ता शोधावा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता वाहनांची फारशी वर्दळ नसल्याने यासाठी चांगला आहे.

रविवारच्या लांब धावेचीही मांडणी करावी. आपण सहसा घरून निघून घरी परततो आणि चढ-उतार जसे येतील तसे घेतो. या शर्यतीसाठी आधी सपाट, मग दीर्घ चढ आणि थकलेल्या पायांनी शेवटी उतार, असा क्रम मिळेल असा मार्ग महिन्यातून दोनदा तरी निवडावा. सप्टेंबरमध्ये होणारी सातारा हिल मॅरेथॉन ही अर्धमॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाते आणि त्याच वाटेने उतरते. तिचा चढ अथेन्सपेक्षा तीव्र आणि अंतर निम्मे असले, तरी घडण तीच आहे आणि वेळही नेमकी जुळते. जिला ती शक्य असेल तिने आणि ज्याला शक्य असेल त्याने ती सरावशर्यत म्हणून, वेळेची ईर्षा न धरता, अवश्य करावी.

उताराचा सराव बहुतेक जण टाळतात, आणि अथेन्समध्ये शेवटचे अकरा किलोमीटर त्याचीच किंमत वसूल करतात. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत लांबत भार पेलतात. सपाट धावण्यात त्यांना अशा कामाची फारशी सवय होत नाही. म्हणून चढाच्या दिवशी खाली येताना चालत न येता लहान पावले टाकीत, टाच आपटून वेग न रोखता, हलकेच धावत यावे. जोडीला आठवड्यातून दोनदा बैठका, पायरीवर चढ-उतार आणि चवड्यांवर उभे राहण्याचा व्यायाम करावा. वीस मिनिटे पुरतात.

खाण्याचाही सराव लागतो. दीड तासापेक्षा लांब धावेत तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. धावपटूंसाठीचे ऊर्जा देणारे जेल, खजूर, राजगिऱ्याची चिक्की यांपैकी आपल्याला काय पचते, ते ऑगस्टमध्येच कळले पाहिजे. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही येते, म्हणजे अनेकदा शर्यतीपूर्वीच्या विश्रांतीच्या आठवड्यांत. अंतर कमी झाले असताना चकली-शंकरपाळ्यांचे डबे समोर असतात. चव घ्यावी, पण प्रवासाच्या आधी दोन-तीन दिवस तळलेले बंद करावे.

नोंदणी, व्हिसा, मुक्काम

नोंदणी कित्येक महिने आधी सुरू होते. ती अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी. त्याच दिवसांत अथेन्समध्ये पाच आणि दहा किलोमीटरच्या धावाही असतात, त्यामुळे अर्ज भरताना मॅरेथॉनच निवडली आहे ना, हे दोनदा पाहावे. ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा आवश्यक असतो. सप्टेंबरच्या आत हे काम उरकावे. तीस किलोमीटरच्या धावांबरोबर व्हिसाची चिंता वागवू नये.

मुक्काम सिंदाग्मा चौकाच्या परिसरात घ्यावा. सकाळच्या बसगाड्या मध्यवर्ती भागातून सुटतात, आणि संपल्यावर स्टेडियमपासून खोलीवर चालत जाता येते. किमान तीन दिवस आधी पोहोचावे. एखादा दिवस बसने मॅरेथॉनला जाऊन समाधीचे टेकाड आणि तेथील पुरातत्त्व संग्रहालय निवांत पाहावे, कारण शर्यतीच्या दिवशी तिकडे लक्ष द्यायला सवड नसते. त्या बसच्या खिडकीतून चढही दिसतो. रस्त्यावर निळी रेषा आखलेली आढळेल. ती मार्गाची खूण आहे.

वेळेतला फरक भारतीयांच्या बाजूने आहे. नोव्हेंबरमध्ये ग्रीस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. पहाटे चारला उठायचे म्हणजे आपल्या शरीराला ते साडेसात वाजता उठल्यासारखे होते; म्हणून पहिले दोन-तीन दिवस रात्री लवकर येणारी झोप मोडून काढू नये.

शर्यतीची सकाळ

शर्यत नऊच्या सुमारास सुरू होते, पण बसगाड्या पहाटेच धावपटूंना मॅरेथॉनला नेतात, त्यामुळे तेथे दोनेक तास थांबावे लागते. अथेन्समध्ये त्या दिवसांत साधारण बारा ते वीस अंश तापमान असते. पहाटे मैदानात थंडी वाजते आणि दुपारी ऊन लागते. टाकून देता येईल असा जुना स्वेटर अंगावर असावा. कोरड्या कपड्यांची पिशवी आरंभस्थळी दिली की ती स्टेडियमजवळ पोहोचवली जाते. न्याहारी सुरुवातीच्या तीन तास आधी करावी : पाव, मध, केळे, सरावात पचलेला एखादा पदार्थ. नवे बूट, नवे मोजे, हॉटेलातले अनोळखी पदार्थ यांना या दिवशी थारा देऊ नये.

प्रत्यक्ष धावताना

सपाट रस्त्यावर पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करू शकणाऱ्याची सरासरी किलोमीटरला ७ मिनिटे ६ सेकंद पडते. अथेन्समध्ये त्याने आठ ते वीस मिनिटे जास्त धरावीत. पहिले दहा किलोमीटर ७ मिनिटे १० सेकंदांनी, पुढचे एकवीस सरासरी ७ मिनिटे ३५ सेकंदांनी आणि उरलेले अकरा ६ मिनिटे ५५ सेकंदांनी गेले, तर एकूण सुमारे ५ तास ८ मिनिटे होतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण त्यांची ठेवण पाहावी : सुरुवातीच्या सुखद उतारावर सपाटीपेक्षाही किंचित हळू. भोवतालची माणसे पुढे निघून जातील, समाधीजवळ टाळ्या वाजत असतील, पाय ताजे असतील. तरीही आवरावे. त्या वेळी वाचवलेले अर्धे मिनिट पालिनीच्या चढावर पाच मिनिटांच्या नुकसानीने फिटते.

चढ लागल्यावर घड्याळातला वेग पाहणे सोडावे आणि श्वासाकडे लक्ष द्यावे. एखादे वाक्य बोलता येत असेल तर चाल योग्य आहे. पावले आखूड करावीत, नजर दहा-पंधरा मीटर पुढे ठेवावी. ज्यांना धावत-चालत जायचे आहे त्यांनी थकल्यावर नव्हे, तर दहाव्या किलोमीटरपासूनच ठरावीक अंतराने मिनिटभर चालावे. पाणी ठरावीक अंतरांवर मिळत राहते, म्हणून तहानेनुसार थोडे थोडे घ्यावे. भीतीपोटी नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घटून जिवावर बेतू शकते, यासाठी मीठ असलेले पेयही घ्यावे. पाणवठ्यांपुढे प्लास्टिकच्या बाटल्या आणि झाकणे विखुरलेली असतात, तेथे जमिनीकडे पाहून पाऊल टाकावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये, कारण शरीरातले पाणी कमी झालेले असताना तिचा मूत्रपिंडांवर वाईट परिणाम होऊ शकतो.

स्ताव्रोसला पोहोचल्यावर लगेच उधळू नये. एक किलोमीटर पायांना उताराशी जुळवून घेऊ द्यावे आणि मग, शक्ती उरली असेल तर, वेग वाढवावा. जपून आलेल्याला येथून पुढे बरेच जण चालताना दिसतील. सोबत आलेल्या घरच्या माणसांसाठी हाच भाग सोयीचा आहे, कारण मेट्रोची तिसरी मार्गिका आया पारास्केवी, होलार्गोस, एव्हान्गेलिझमोस अशी बरीचशी याच दिशेने जाते आणि त्यांना दोन-तीन ठिकाणी उभे राहून आपला धावपटू पाहता येतो. कडेचे लोक ‘ब्राव्हो’ आणि ‘पामे’ असे ओरडत असतात. ‘पामे’ म्हणजे आपले ‘चला’.

स्टेडियमच्या दारातून आत शिरल्यावर साधारण पावणेदोनशे मीटर उरतात. पेंटेली डोंगरातल्या पांढऱ्या संगमरवराची ही बैठकव्यवस्था मुळात इ. स. दुसऱ्या शतकात हेरोदेस आतिकसने करवली आणि १८९६ च्या ऑलिंपिकसाठी येओर्गिओस आवेरोफ या व्यापाऱ्याच्या पैशातून ती नव्याने उभी राहिली. लुईस याच धावपट्टीवर आला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी स्तामाता रेविथी या स्त्रीने, शर्यतीत प्रवेश न मिळाल्याने, तोच मार्ग एकटीने धावून काढला. तिला स्टेडियममध्ये येऊ दिले नाही. आज जी कोणी स्त्री या दारातून आत जाते, तिने क्षणभर रेविथीची आठवण ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

रेषा ओलांडल्यावर एकदम बसू नये. दहा-पंधरा मिनिटे चालत राहावे, पिशवी घेऊन कोरडे कपडे घालावेत आणि तासाभराच्या आत काहीतरी खारट व काहीतरी पोटभरीचे खावे. अक्रोपोलिस पाहायचे असेल तर ते शर्यतीच्या आदल्या दिवशी ठेवू नये, कारण त्यात पाय दमतात. दुसऱ्या दिवशीही नको, कारण तेथल्या गुळगुळीत झालेल्या दगडांवरून दुखऱ्या मांड्यांनी उतरणे अवघड जाते. परतीचे विमान बुधवारचे घ्यावे आणि मंगळवारी सकाळी, गर्दी होण्यापूर्वी, सावकाश वर चढावे.